चित्रापासून क्लस्टरपर्यंत

मोटारीच्या डिजिटल क्लस्टरसाठी, म्हणजे स्टिअरिंगमागच्या पडद्यासाठी, मी केलेली पहिली रचना चाकणजवळच्या एका बंद चाचणी-मार्गावर प्रथम गाडीतून धावली, तेव्हा गाडी चालवणाऱ्या काकांनी दोन फेऱ्या मारल्या, गाडी कडेला घेतली आणि मला म्हणाले, "मॅडम, दिसायला छान आहे. पण वेग दिसत नाही, वाचावा लागतो." मी मागच्या आसनावर वही उघडून बसले होते. त्यांचे वाक्य मी जसेच्या तसे लिहून घेतले, पण त्याचा अर्थ त्या दिवशी मला पूर्ण कळला नव्हता. वेगाचा आकडा पडद्याच्या मधोमध होता, पुरेसा मोठा होता आणि भोवती पातळ निळसर कड्याची चमकती नक्षी होती. त्यात न दिसण्यासारखे काय असावे, हे समजून घेण्यात माझे पुढचे आठ महिने गेले.

मी मूळची छपाईच्या क्षेत्रातली. पुस्तकांची मांडणी आणि इमारतींमधील दिशादर्शक पाट्या हे काम नऊ वर्षे केल्यानंतर मी हिंजवडीतील एका कंपनीत रुजू झाले. तिथे वाहन उत्पादकांसाठी क्लस्टर, म्हणजे वेग, इंधन, तापमान आणि इशारे दाखवणारा हा पडदा, तयार होतो. काटे आणि दिवे यांची जागा पडद्याने घेण्याची कल्पना तशी जुनी आहे. ॲस्टन मार्टिनने १९७६ मध्ये लगोंडा गाडीत आकडे उजळवणारा डॅशबोर्ड दाखवला होता. मात्र संपूर्ण क्लस्टर म्हणजे एकच सलग पडदा, हे रूप २०१४ च्या ऑडी टीटीने लोकांच्या नजरेत आणले, आणि आता मध्यम किमतीच्या गाड्यांमध्येही १०.२५ इंची पडदा सर्रास दिसतो. आमचा पडदाही तेवढाच होता, १९२० गुणिले ७२० बिंदूंचा.

या कामासाठी खास सॉफ्टवेअर साधने आहेत. फिनलंडमध्ये जन्मलेले कान्झी, अमेरिकेतील आल्टिया, एलेक्ट्रोबिटचे ईबी गाइड आणि क्यूटी ही त्यांतली नावे आमच्या विभागात रोज कानावर पडतात. खेळांसाठी बनवलेली अनरिअल आणि युनिटी ही इंजिनेही गेल्या काही वर्षांत मोटारींच्या पडद्यांवर आली आहेत. आमच्या प्रकल्पात क्यूटी ठरलेले होते. मला त्याचा गंधही नव्हता, पण पडदे रेखाटण्याचे फिग्मा हे सॉफ्टवेअर चांगले येत होते. म्हणून मी फिग्मात सगळे पडदे नेमके रेखाटले आणि तेच क्यूटी डिझाइन स्टुडिओत आणून जोडले की काम झाले, अशी माझी समजूत होती.

ती समजूत पहिल्याच आठवड्यात एका साध्या प्रश्नाने कोसळली. दार उघडे असल्याचे दाखवण्यासाठी मी वरून दिसणाऱ्या गाडीची सहा चित्रे केली होती: सगळी दारे बंद, चारपैकी एकेक दार उघडे आणि डिकी उघडी. माझ्या शेजारी बसणाऱ्या सॉफ्टवेअर अभियंत्याने ती पाहून विचारले, "दोन दारं एकदम उघडी असली तर?" चार दारे आणि एक डिकी, प्रत्येकाच्या दोन शक्यता, म्हणजे एकूण ३२ चित्रे. ती मी काढलीही असती, पण त्याने मला दाखवले की चित्रे काढायचीच नसतात. गाडीचे एक शरीर, त्यावर पाच सुटे भाग, आणि प्रत्येक भागाला 'उघडा' की 'बंद' हे सांगणारा एकेक गुणधर्म ठेवायचा. गाडीकडून माहिती आली की तो गुणधर्म बदलतो, आणि त्याला बांधलेला भाग आपोआप दिसतो किंवा लपतो. क्यूटीच्या क्यूएमएल या भाषेत हे बांधणे एका ओळीचे काम आहे.

मी घरी जाऊन सगळ्या रेखाटनांकडे पुन्हा पाहिले. जिथे जिथे मी चित्र काढले होते, तिथे तिथे खरे तर अवस्था होती. आणि त्या अवस्थांमध्ये एक अशी होती, जिचा मी एकदाही विचार केला नव्हता: माहितीच न येणे. एखादा सेन्सर बंद पडला किंवा वायर निसटली, तर वेगाच्या जागी काय दिसावे? माझ्या मूळ मांडणीत मूल्य न आल्यास शून्य दिसत होते. धावत्या गाडीत शून्य दिसणे ही रिकामी जागा नव्हे, ते चालकाला सांगितलेले खोटे आहे. म्हणून शून्य आणि 'माहिती नाही' या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आणि दुसरीसाठी दोन आडव्या रेघा ठेवल्या. त्यानंतर मी प्रत्येक घटकासाठी आधी अवस्थांचा तक्ता करू लागले आणि मगच रंगाला हात लावू लागले. छपाईत कागदावर जे उमटते ते उमटलेलेच राहते, त्यामुळे ही सवय मला नव्याने लावून घ्यावी लागली.

गाडीतील यंत्रणा एकमेकींशी कॅन नावाच्या जाळ्यावरून बोलतात. बॉशने हे जाळे १९८६ मध्ये मांडले आणि आजही जवळजवळ प्रत्येक मोटारीत ते आहे. आमच्या गाडीत वेगाचा संदेश दर २० मिलिसेकंदांनी येत होता, म्हणजे सेकंदाला ५० वेळा. मी तो सरळ आकड्याला बांधला आणि टेबलावरच्या चाचणी-संचावर नोंदवून आणलेली फेरी चालवली. आकडा ५९, ६०, ५९, ६१ असा इतका फडफडत होता की त्याकडे बघवेना. त्यात आणखी एक दोष होता. मी निवडलेल्या फाँटमध्ये १ हा आकडा इतरांपेक्षा अरुंद होता, त्यामुळे ६० चे ६१ झाले की दोन्ही आकडे किंचित सरकत. कागदावर जे वळण मला डौलदार वाटले होते, तेच इथे डोळ्यांना सारखे खेचत होते. 'वाचावा लागतो' या शब्दांचा पहिला धागा मला इथे सापडला. नजर ज्या जागी आकडा असेल म्हणून जाते, त्या जागी तो स्थिर असायला हवा. सगळ्या आकड्यांना सारखी रुंदी देणारा फाँट घेतला, आकडा सेकंदाला चारदाच बदलेल असे केले, आणि जरासा फरक पडल्याबरोबर तो मागेपुढे होऊ नये म्हणून थोडी सवलत ठेवली.

काट्याच्या बाबतीत मी उलट चूक केली. काटा मऊपणे फिरावा म्हणून त्याच्या हालचालीला मी ४०० मिलिसेकंदांचा ओघ दिला होता, आणि संगणकावर तो फार देखणा दिसत होता. पण दहा सेकंदांत शून्यावरून शंभरावर जाणारी गाडी दर सेकंदाला सरासरी १० किमी प्रतितास वेग वाढवते. काटा ०.४ सेकंद मागे राहिला, तर तो खऱ्या वेगापेक्षा सुमारे ४ ने कमी दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन-नियमात वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये असे स्पष्ट म्हटले आहे. जास्त दाखवण्यालाही मर्यादा आहे: खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४. म्हणजे खरा वेग ८० असेल, तर पडद्यावर ८० ते ९२ यांमधलेच काही दिसले पाहिजे. त्या नियमाची चाचणी स्थिर वेगावर होते, त्यामुळे माझा काटा कदाचित तिथे उत्तीर्ण झाला असता. पण नियमाचा हेतू कळल्यावर तो काटा तसाच सोडणे मला पटेना. ओघ कमी करत करत मी १०० मिलिसेकंदांपर्यंत आणला. तो दिसायला थोडा कोरडा झाला, पण विश्वासाला पात्र झाला.

इंधनाच्या काट्याला मात्र मुद्दाम आळशी करावे लागले. कात्रजच्या घाटात गाडी चढावर असते तेव्हा टाकीतील इंधन एका बाजूला जाते, आणि वळणावर ते हिंदकळते. सेन्सर सांगेल ते लगेच दाखवले, तर चालकाला घाटाच्या मध्यावर टाकी रिकामी झाल्याचा धसका बसेल. म्हणून एकाच पडद्यावरील दोन काट्यांच्या चालीत जमीन-अस्मानाचा फरक ठेवला.

इशाऱ्यांच्या दिव्यांबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण तिथे रचनाकाराला फार मोकळीक नसते आणि नसावीच. चिन्हे आयएसओ २५७५ या मानकातून येतात, आपल्याकडे एआयएस-०७१ हे मानक लागू होते, लाल रंग धोक्यासाठी राखलेला असतो आणि हाय बीमचा दिवा निळाच असतो. मी तो माझ्या रंगसंगतीत बसावा म्हणून पांढरा केला होता. माझ्या वरिष्ठ बाईंनी फाईल उघडल्या उघडल्या तो निळा करायला सांगितला. याहून महत्त्वाची गोष्ट त्यांनी नंतर समजावली. ब्रेकच्या बिघाडाचा लाल दिवा माझ्या सुंदर पडद्याचा भागच नसतो. बाकीचे चित्र रंगवणारा मोठा प्रोग्रॅम अडकला, तरी तो दिवा लागलाच पाहिजे. म्हणून आयएसओ २६२६२ या सुरक्षा-मानकाच्या शिस्तीत बसणारा एक छोटा, वेगळा प्रोग्रॅम तो रंगवतो. क्यूटीत त्यासाठी सेफ रेंडरर आहे. दिवा खरोखर उमटला की नाही, हे पडद्याच्या त्या भागातील बिंदूंची बेरीज-पडताळणी करून हार्डवेअर पुन्हा तपासते. माझ्या वाट्याला आलेले काम एवढेच की त्या जागेवर दुसरे काहीही येऊ द्यायचे नाही, सावलीसुद्धा नाही. ती जागा मी फाईलमध्ये कुंपण घातल्यासारखी आखून कुलूपबंद केली.

यानंतर रचना खऱ्या बोर्डावर, म्हणजे गाडीत बसणाऱ्या छोट्या संगणकावर, गेली. माझ्या लॅपटॉपवर जे लोण्यासारखे सरकत होते, ते बोर्डावर सेकंदाला २२ चौकटींवर आले, म्हणजे पडदा सेकंदाला २२ वेळाच नव्याने रंगवला जात होता. साठ चौकटी हव्या असतील, तर प्रत्येक चौकट रंगवायला १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि एका पूर्ण पडद्यात १३ लाख ८२ हजार ४०० बिंदू असतात. मी एकावर एक तीन अर्धपारदर्शक थर ठेवले होते. म्हणजे तेच बिंदू यंत्र तीनतीनदा रंगवत होते, शिवाय त्यावर धूसर सावली मोजत होते. ती सावली कधी बदलतच नव्हती, तरी प्रत्येक चौकटीत नव्याने मोजली जात होती. सावली चित्रातच कायमची उमटवून घेतली, थर एकत्र केले, पार्श्वभूमीचा न बदलणारा भाग वेगळा काढला. पूर्ण पडद्याचे एक चित्र उघडल्यावर स्मृतीत सुमारे साडेपाच मेगाबाइट जागा घेते, हे कळल्यावर मी चाळीसेक चित्रांची यादी घेऊन बसले आणि त्यांतली एकतीस काढून टाकली. काढलेल्या चित्रांपैकी एकाचीही आठवण नंतर कोणी काढली नाही. त्यातच ती निळसर कड्याची नक्षी गेली. काकांच्या तक्रारीचा दुसरा धागा तोच होता: आकड्याभोवती सतत काहीतरी चमकत असल्यामुळे नजर आधी तिकडे जात होती.

आता मी माझ्या सर्वांत जिव्हाळ्याच्या भागाकडे येते. ग्राहक कंपनीला क्लस्टरवरचे संदेश इंग्रजीबरोबर हिंदी आणि मराठीतही हवे होते. हे ऐकून मला फार आनंद झाला होता, आणि या भागातच सर्वांत जास्त दिवस गेले.

पहिल्या बिल्डमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या पहिल्या तयार आवृत्तीत, जोडाक्षरे फुटली. 'ट्रॅक्शन' या शब्दात ट खाली पाय मोडून उभा होता आणि त्याच्या शेजारी र सुटा पडला होता. जागा वाचवण्यासाठी कोणीतरी फाँट कातरून लहान केला होता आणि फक्त संदेशांत येणारी अक्षरे ठेवली होती. रोमन लिपीला तेवढे पुरते. देवनागरीत मात्र ट, हलंत आणि र ही तीन चिन्हे मिळून 'ट्र' ही वेगळी आकृती तयार होते. ती आकृती यादीत कुठेच अक्षर म्हणून दिसत नाही, त्यामुळे कातरताना ती नेमकी गळली होती. जोडाक्षरांच्या आकृत्या आणि त्या जोडण्याचे नियम यांसह फाँट पुन्हा कातरला, तेव्हा शब्द सावरले.

दुसरा दोष जास्त हट्टी होता. 'दुसऱ्या रांगेत सीट बेल्ट लावलेला नाही' हा संदेश पडद्यावर 'दुसर्या रांगेत' असा येत होता. अर्धा र या च्या डोक्यावर रफार होऊन बसला होता. मराठी न येणाऱ्या सहकाऱ्यांना त्यात काही चुकले आहे असे वाटत नव्हते, आणि एकाने तर हिंदीत असेच लिहितात असे सांगून दोषाची नोंद बंद करायला सुचवले. मी ती नोंद बंद होऊ दिली नाही. आचाऱ्याला आणि आचार्याला यांतला फरक ज्या खुणेवर उभा आहे, ती खूण मराठी वाचकासाठी बारीकसारीक गोष्ट नाही. दोन दिवस शोधल्यावर कारण सापडले. भाषांतराच्या फाईलमध्ये हा र साधा र, हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह अशा पद्धतीने लिहिलेला होता. आमचीच एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, सगळ्या मजकुरातून न दिसणारी चिन्हे कचरा समजून पुसून टाकत होती. जोडचिन्ह गेले, की उरलेला र नियमाप्रमाणे रफार होतो. मी सगळे संदेश नुक्त्याच्या ऱ ने पुन्हा लिहिले, कारण त्या पद्धतीत अदृश्य चिन्हाची गरजच नसते, आणि स्क्रिप्टही दुरुस्त करून घेतली. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा जो निर्णय काढला, त्यातील ल आणि श यांची वळणेही मला हवी होती. त्यासाठी तशी वळणे असलेला फाँट निवडला आणि मजकुराची भाषा मराठी आहे हे त्याला स्पष्ट कळेल अशी सोय केली.

उरला आकाराचा प्रश्न. आयएसओ १५००८ हे मानक वाहनातील अक्षर चालकाच्या डोळ्याशी किती कोन करते यावरून त्याची उंची ठरवते, आणि २० कला, म्हणजे अंशाचा तिसरा भाग, हा चांगला कोन मानला जातो. डोळा पडद्यापासून ७५ सेंटिमीटरवर असेल, तर ती उंची जवळजवळ ४.४ मिलिमीटर होते, म्हणजे आमच्या पडद्यावर ३५ बिंदू. इंग्रजी मोठ्या अक्षरांचे काम तेवढ्यात भागते. देवनागरीत मात्र ३५ बिंदू शिरोरेघेखालच्या अक्षरालाच लागतात, वर वेलांटी, मात्रा आणि रफार येतात, खाली उकार लोंबतो. ओळीला एकूण ६० च्या आसपास बिंदू द्यावे लागले. इंग्रजीसाठी आखलेल्या पट्टीत ते मावेना, तेव्हा अक्षर लहान करण्याची सूचना आली. मी अक्षर तेवढेच ठेवून पट्टी वाढवली आणि 'दुसऱ्या रांगेत सीट बेल्ट लावलेला नाही' याचे 'मागे सीट बेल्ट नाही' असे करून पाहिले. लहान वाक्य बरे होते, पण तीन रांगांच्या गाडीत 'मागे' म्हणजे कुठे, हे कळत नव्हते. शेवटी आसनांचे चित्र आणि 'दुसऱ्या रांगेत बेल्ट नाही' एवढे शब्द ठेवले. आधी देवनागरीसाठी मांडणी करायची आणि मग त्यात इंग्रजी बसवायची, हा क्रम त्यानंतर आमच्या विभागात कायम झाला. माझ्या मते या प्रकल्पातला तो सर्वांत योग्य निर्णय होता.

प्रकाशाच्या चाचण्या एप्रिलमध्ये झाल्या. भर दुपारी काकांच्या पांढऱ्या शर्टाचे प्रतिबिंब पडद्याच्या काळ्या भागात इतके स्वच्छ पडत होते की त्यामागची राखाडी अक्षरे नाहीशी झाली. रात्री उलट अडचण आली. पातळ पांढरी अक्षरे अंधारात पसरल्यासारखी दिसत होती आणि डोळ्यांना टोचत होती. दिवसासाठी अक्षरांचा रंग ठळक केला, रात्रीसाठी पांढऱ्याऐवजी किंचित मळकट छटा घेतली आणि संगणकाच्या पडद्यावर अंतिम रंग ठरवण्याची सवय सोडून दिली. ध्रुवित (पोलराइज्ड) काचांचा गॉगल लावला की काही पडदे काळे पडतात, म्हणून तसा एक गॉगल तेव्हापासून माझ्या पिशवीत असतो.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात गाडीतील उपकरणाकडे एका वेळी दोन सेकंदांहून अधिक पाहावे लागू नये असे म्हटले आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने दोन सेकंदांत गाडी ४४ मीटर पुढे जाते. क्लस्टरवरचा वेग तर त्याच्या कितीतरी आत कळला पाहिजे. म्हणून शेवटच्या फेरीसाठी आम्ही साधी पद्धत ठरवली. मी मागे बसून मध्येच "वेग?" असे विचारायचे आणि काकांनी एकदाच खाली पाहून सांगायचे. डोळ्यांवर रोखलेला छोटा कॅमेरा नजर रस्त्यावरून किती वेळ हटली ते नोंदवत होता.

ती फेरी रात्री साडेआठला सुरू झाली. पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरे प्रश्न संपता संपता आली. सहाव्याला मी काहीच विचारले नाही. माझ्या शेजारच्या आसनावर आम्ही वाळूची पिशवी ठेवली होती आणि तिचा बेल्ट मुद्दाम लावला नव्हता. त्याचा इशारा माझ्या सहकाऱ्याने लॅपटॉपवरून तोवर रोखून धरला होता, तो त्याने आता सोडला. काकांची मान हललीही नाही. रस्त्याकडे पाहतच ते म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या रांगेत कोणीतरी बेल्ट लावलेला नाही." मी कॅमेऱ्याची वेळ वहीत उतरवून घेतली, पिशवीला बेल्ट लावला आणि पडद्यावरचा संदेश जातो की नाही ते पाहण्यासाठी पुढे वाकले.